अक्का, उठलो

वीज गेली की आमच्या संस्थेत गलका व्हायचा. पोरं शिट्ट्या मारायची, मास्तर मंडळी चहाला खाली उतरायची, आणि आमचे संचालक आबासाहेब गॅलरीत येऊन राजारामपुरीच्या गल्ल्यांवरून नजर फिरवत "सगळीकडचीच गेलीय" असं समाधानानं जाहीर करायचे. रत्नप्रभा कांबळे तेवढ्या जागेवर बसून राहायच्या. वीज गेली की गप्प, आणि आली की त्याहून गप्प. एरवी या बाईंचा आवाज जिन्यातूनच ऐकू यायचा, त्यामुळे ही शांतता माझ्या लक्षात राहिली. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर आवाजाआधी तीच आठवते.

आमची संस्था म्हणजे कॉम्प्युटर शिकवणारे क्लासच, फक्त पाटीवर संस्था लिहिलेलं. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. कांबळे मॅडमकडे सगळ्या मशीन्सची आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींची जबाबदारी होती. जयसिंगपूरहून रोज येऊन-जाऊन करायच्या. ठेंगणा बांधा, कपाळाला घाम, आणि पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी स्क्रू ड्रायव्हर. मशीन उघडायच्या आधी हातातल्या बांगड्या काढून मॉनिटरवर ठेवायच्या, आणि काम झालं की अर्ध्या वेळा तिथंच विसरून जायच्या. कुणाच्या मॉनिटरवर बांगड्या दिसल्या म्हणजे त्याचं मशीन दुरुस्त झालं, असं आम्ही समजायचो.

लॅबमध्ये खायला बंदी त्यांनीच घातली होती. तसा कागद दारावर चिकटवलेला होता. त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डमध्ये मात्र जयसिंगपूरचं भडंग खच्चून भरलेलं असायचं. मी एकदा कीबोर्ड उलटा करून दाखवला तर म्हणाल्या, "माझं चालतंय की. मला दुरुस्त करता येतं."

आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या "मी आलो, मी बघतो" असंच बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका मास्तरणीनं त्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि "बरं, येतो मी" म्हणून निघून गेल्या.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती माझ्या मशीनवर इंटरनेट येईना म्हणून. मी स्क्रीनवर काय काय येतंय ते त्यांना सविस्तर सांगत होतो. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. पदर खोचून टेबलाखाली शिरल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आधी मागचे दिवे बघायचे, देसाई सर. दिवा लागलेला न्हाई म्हणजे वायर निसटलीया. वर बघून काय कळतंय?" वायर निसटलीच होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला हे टेबलाखालून सांगितलं गेलं याचा मला राग आला होता, पण त्यांना तो कळला नाही किंवा कळूनही त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

आधी दिवे बघायचे हे त्यांचं एक, आणि नीट बंद करायचं हे दुसरं. कुणी घाईत बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला की झालंच. त्या मुलाला परत बसवायच्या, मशीन परत सुरू करायला लावायच्या आणि शेजारी उभं राहून रीतसर बंद करून घ्यायच्या. "चालत्या माणसाच्या पायात पाय घालतोस व्हय? ते कायतरी लिवत असतंय आतमध्ये. त्याला पुरं करू दे, मग बंद कर." त्या मुलाची बस चुकली तरी त्यांना फरक पडायचा नाही.

मिलिंद त्यांचा धाकटा भाऊ. त्या त्याला मिलू म्हणायच्या, तो त्यांना अक्का म्हणायचा. इंजिनिअरिंग झालं होतं, पुण्याच्या नोकरीचं बोलणं चाललं होतं, आणि मधल्या काळात अक्काच्या संस्थेत येऊन बसायचा. अंगानं काटकुळा आणि बोलायला लाजरा. त्याला आबासाहेबांनी एक काम सांगितलं. पोरं इंटरनेटवर नको ते उघडतात आणि बाहेरून व्हायरस आत येतात, काहीतरी बंदोबस्त कर. पण विकत आणायचं नाही, कारण विकत आणणं आबासाहेबांच्या स्वभावात नव्हतं.

मिलिंदनं स्टोअर रूममध्ये पडलेलं एक भंगार मशीन घेतलं, कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी एक यंत्रणा त्यावर चढवली आणि संस्थेचा फायरवॉल तयार केला. फायरवॉल म्हणजे दारातला राखणदार. आतल्या प्रत्येक मशीनचं बाहेरचं येणं-जाणं त्याच्यासमोरून होतं, आणि कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं ते त्याला नियमांनी शिकवलेलं असतं. प्रत्येक नियमाच्या शेजारी मिलिंदनं इंग्रजी अक्षरांत मराठी टिपण लिहून ठेवलं होतं. आबासाहेबांच्या मशीनच्या नियमाशेजारी होतं, "क्रिकेट चालू ठेवणे, नाहीतर बोलतील." मॅडमनी ते स्वतःच्या मशीनवर उघडून मला दाखवलं तेव्हा दोघंही हसून बेजार झालो होतो. आबासाहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या भंगार मशीनमध्ये मेमरी अगदीच थोडी होती. मिलिंदनं मग यंत्रणेचा जो गाभा असतो तोच जयसिंगपूरला, घरच्या कॉम्प्युटरवर, स्वतः बनवला. या एका मशीनला लागतं तेवढंच ठेवलं, बाकी सगळं काढून टाकलं. मापाचं ब्लाउज शिवावं तसं. मॅडम मुद्दाम लोकांना सांगायच्या, "राखणदार कसला धिप्पाड हाय बघा, आणि जेवतोय चिमणीएवढं."

त्यानं आणखी एक केलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

ऊस तुटायच्या दिवसांत मिलिंद मोटरसायकलवरून घरी चालला होता. दिवस मावळला होता, पुरता अंधार पडलेला नव्हता. उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी होती. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.

मॅडम कामावर परत आल्या तेव्हा आम्हाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्यांनीच सोपं केलं. कुणाचं तरी मशीन बंद पडलं होतं, ते बघायला गेल्या, बांगड्या काढून ठेवल्या, टेबलाखाली शिरल्या. वायर खोचून बाहेर आल्या आणि काहीच न बोलता निघून गेल्या. आधी दिवे बघायचे, हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

लोडशेडिंगचे ते दिवस होते. वीज रोज जायची, ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्याही वेळी जायची. शेवटी आबासाहेबांनी काळजावर दगड ठेवून एक मोठा यूपीएस घेतला. महत्त्वाची मशीन्स त्यावर टाकायची, म्हणजे वीज गेली तरी ती चालू राहतील. मॅडमनी सगळी टाकली, फक्त फायरवॉलचं मशीन थेट भिंतीच्या प्लगवरच ठेवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला नको. जुनं हाय, सोसायचं न्हाई त्याला." ही शुद्ध थाप होती. पण त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या संस्थेत नव्हता.

एकदा दुपारी वीज गेली आणि आली. मला एक प्रश्नपत्रिका छापून हवी होती म्हणून मी त्यांच्या टेबलाजवळ गेलो. त्या हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होत्या. मी बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं, थांबा म्हणून. बाहेर पोरं वर्गात परतत होती, पंखे फिरायला लागले होते. मग पडद्यावर एक नवीन मेल आली. विषय नाही, सही नाही. इंग्रजी अक्षरांत दोन शब्द.

अक्का, उठलो.

पाठवणाऱ्याच्या जागी मिलिंदचं नाव होतं. मी टेबलापासून मागे सरकलो. त्या मेलच्या खाली तशीच मेल होती, तिच्याखाली तशीच, पडदा संपेपर्यंत तीच.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "स्टोअर रूममधलं मशीन पाठवतंय. वीज येऊन ते सुरू झालं की मला कळावं म्हणून त्यानं तसं लिवून ठेवलंय आत. तो असताना मी म्हणायचो, झोपलेला असतोस तेवढं बरं असतंय. म्हणून असं लिवलं मुद्दाम."

मग त्यांनी प्रश्नपत्रिका छापून दिली आणि सांगितलं, "आबासाहेबांना सांगू नका."

यूपीएसचं कोडं मला तिथंच उलगडलं. त्यावर टाकलं असतं तर मशीन कधी बंदच पडलं नसतं, आणि बंद पडल्याशिवाय उठलं नसतं. साऱ्या संस्थेला नीट बंद करायला शिकवणारी ही बाई त्या एका मशीनची वीज रोज तुटू देत होती.

मला वाटतं त्यांना ही गोष्ट आवडत होती आणि सोसतही नव्हती. वीज आल्यावरची ती दोन-चार मिनिटं त्यांचा चेहरा बघवत नसे. एखाद्या दिवशी मेल यायला उशीर झाला की त्या स्टोअर रूमच्या दारापर्यंत जाऊन उभ्या राहायच्या. आत जात नसत. आतल्या पंख्याचा आवाज ऐकून परत यायच्या. एकदा सुट्टीनंतर मी त्यांना तिथं उभं राहून दाराला हळू आवाजात काहीतरी बोलताना पाहिलं. मी तसाच मागे फिरलो.

असं किती दिवस चालणार. त्या मशीनची डिस्क वाजायला लागली. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. इंटरनेट मधूनच जायचं. पोरांची तक्रार आबासाहेबांकडे गेली आणि या वेळी आबासाहेबांनी चक्क विकत आणायचं ठरवलं. जूनमध्ये नवीन वर्ग सुरू व्हायच्या आत तयार फायरवॉल येणार होता, आणि स्टोअर रूममधलं भंगार भंगारवाल्याकडे जाणार होतं.

"मला मे महिना द्या," मॅडम त्यांना म्हणाल्या. "जुन्यातलं नियमबियम काढून ठेवतो." आबासाहेबांनी मान हलवली. नियमांसाठी कुणी एवढं करत नाही हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण ते क्रिकेट बघत होते.

मे महिन्यात संस्था रिकामी होती. मी पेपर तपासायला यायचो, त्या त्यांच्या उद्योगाला. त्यांनी आधी त्या वाजणाऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढून घेतली. डिस्क मधेच अडायची, त्या थांबायच्या, थंड होऊ द्यायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. नक्कल पूर्ण झाली तेव्हा मी म्हणालो, "वीज अशी रोज तुटल्यावर डिस्क जाणारच होती."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मीच पाडालतो की त्याला रोज." आणि बांगड्या शोधायला लागल्या. बांगड्या हातातच होत्या.

त्यांचा बेत असा होता. एका नवीन कॉम्प्युटरच्या पोटात, नुसत्या प्रोग्रॅमनं, दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लोखंड नाही, पंखा नाही, पण आतल्या यंत्रणेला वाटतं की आपण खऱ्या मशीनवर आहोत. मिलिंदचा फायरवॉल नक्कल करून त्यात ठेवला की झालं. मग डिस्क मरू दे, मशीन भंगारात जाऊ दे, तो राहील.

त्यांनी ते व्हर्च्युअल मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर सरकल्या आणि एकाएकी सगळं कोसळलं. थोड्या वेळानं ते आपोआप पुन्हा सुरू झालं. पुन्हा ओळी, पुन्हा कोसळलं. पुन्हा सुरू झालं.

"घाबरालंय ते," मॅडम म्हणाल्या. "उठाय बघतंय आन् घाबरून पडालंय."

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. त्यांनी मेमरी वाढवून बघितली, कमी करून बघितली. खोट्या डिस्कचा प्रकार बदलला, खोटं नेटवर्क कार्ड बदललं, वीज सांभाळणारी व्यवस्था बंद करून बघितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, नाही जमलं तर ती परत होती तशी करून दुसरी बदलायची, ही त्यांची पद्धत. घाई अजिबात नाही. पण ते मशीन प्रत्येक वेळी त्याच जागी कोसळायचं आणि त्यांनी हात लावायच्या आत स्वतःच उठायला लागायचं. उठायचं, पडायचं. उठायचं, पडायचं. रिकाम्या लॅबमध्ये तो एकच पडदा सारखा उजळायचा आणि काळा व्हायचा. एकदा त्या चहाला गेल्या असताना मी तो मॉनिटर बंद करून टाकला. आत ते चालूच असणार हे कळत होतं, तरी केला.

त्या परत आल्या, मॉनिटर लावला आणि म्हणाल्या, "तुमालाबी बघवत न्हाई व्हय?"

ओळी इतक्या वेगानं जायच्या की शेवटची वाचायलाच मिळत नव्हती. मग त्यांना सुचलं. खोट्या मशीनला एक सोय असते, ते चालता चालता जागच्या जागी थांबवता येतं. खऱ्या मशीनवर हे होत नाही, म्हणून इतके दिवस डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि नेमक्या क्षणी थांबवलं. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, दुसऱ्यात नाही. मग एकदा जमलं आणि पडदा गोठला.

आम्ही दोघंही वाकून वाचायला लागलो. तळाच्या ओळीत म्हटलं होतं की या वर्गाचा प्रोसेसर या यंत्रणेत नोंदलेला नाही. बस्स, एवढंच. मिलिंदनं त्या भंगार मशीनच्या मापानं गाभा शिवला होता आणि बाकीच्या सगळ्या प्रोसेसरची ओळख काढून टाकली होती. नव्या मशीनच्या पोटात तो जागा होत होता, समोर अनोळखी प्रोसेसर बघत होता आणि कोसळत होता. बाकी काही बिघडलंच नव्हतं.

"येड्या," मॅडम पडद्याला म्हणाल्या, "दुसऱ्या कुठं जावं लागंल असं वाटलंच न्हाई व्हय तुला?"

उपाय सोपा होता. त्या फुकटच्या यंत्रणेच्या मूळ सीडीवर सगळ्या प्रोसेसरना ओळखणारा तयार गाभा होता. नकलेमधला मिलिंदचा गाभा काढायचा, त्या जागी हा तयार ठेवायचा. अर्ध्या तासाचं काम. पण त्या हलल्या नाहीत.

"काय झालं?"

त्यांनी पडद्यावर वरच्या बाजूला बोट ठेवलं. ती यंत्रणा सुरू होताना आपला गाभा कुणी आणि कुठल्या मशीनवर बनवला ते सांगते. तिथं मिलिंदचं नाव होतं, आणि मशीनच्या नावाच्या जागी जयसिंगपूर. इतक्या वर्षांत ही ओळ वाचायला त्यांना मिळाली नव्हती. स्टोअर रूममधल्या मशीनला मॉनिटरच नव्हता.

"गाभा बदलला तर ही ओळ जाईल," त्या म्हणाल्या. "मग त्याचं काय राहिलं आत?"

"मेल राहील. नियम राहतील," मी म्हणालो.

तो गोठलेला पडदा त्यांनी दिवसभर तसाच ठेवला. डबाही त्याच्यासमोर बसून खाल्ला. संध्याकाळी जयसिंगपूरची गाडी गाठायला निघताना "येतो मी" म्हणाल्या. मी मान हलवली, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आणि गाभा बदलला. मी पेपर बाजूला ठेवून शेजारी जाऊन बसलो. ओळी वर सरकल्या. वरच्या त्या ओळीत आता कुणा परक्याचं नाव होतं. जिथं कोसळायचं ती जागा आली आणि गेली. डिस्क सापडली, नेटवर्क कार्ड सापडलं, नियम एकामागून एक चढले. मग पडदा शांत झाला.

मॅडमनी शेजारच्या मशीनवर मेल उघडून ठेवली होती. हात मांडीवर. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती.

अक्का, उठलो.

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता मी बटण दाबलं की हा उठणार, देसाई सर. मला पायजे तेव्हा. दिवसातनं धा बारी उठवता येईल."

मी परत त्या मेलकडे बघितलं.

"एवढ्या वर्षांत ह्याला कुणीच नीट बंद केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज नुसता तुटालाय."

मग त्यांनी त्या काळ्या पडद्यासमोरचा कीबोर्ड पुढं ओढला आणि रीतसर बंद करायची आज्ञा दिली. पोरांच्या शेजारी उभं राहून त्या करून घ्यायच्या तसं, प्रत्येक ओळ वाचत. एकेक काम थांबलं. आत जे लिहायचं राहिलं होतं ते लिहून झालं. शेवटी पडद्यावर आलं की यंत्रणा थांबली आहे, पुन्हा सुरू करायची असल्यास कोणतीही कळ दाबा. मॅडमनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि छातीशी धरले, चुकून कुठं लागू नयेत म्हणून.

जूनमध्ये नवीन फायरवॉल आला. आबासाहेबांचं क्रिकेट बंद झालं आणि त्यांनी खूप आरडाओरडा केला. मॅडमनी पुढं संस्था सोडली आणि जयसिंगपूरला स्वतःचे क्लास काढले.

मी त्यांना शेवटचं भेटलो ते तिथंच. नृसिंहवाडीला गेलो होतो, परतताना घर शोधत गेलो. केस पिकले होते, आवाज तसाच होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खालच्या फळीवर मिलिंदचा फोटो आणि फोटोला टेकवून ठेवलेली एक सीडी. मी तिच्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"तोच हाय. हिच्यावर उतरवून घेतलाय," त्या म्हणाल्या. "चालवत न्हाई मी. नीट झोपलाय."

मग भडंग आलं, चहा आला. त्यांच्या क्लासमधल्या एका आगाऊ पोराची गोष्ट त्या हातवारे करून सांगायला लागल्या. मधेच वीज गेली. त्यांचं सांगणं थांबलं नाही, अंधारात आवाज उलट चढलाच. आणि गोष्ट अगदी रंगात आलेली असताना वीज आली. दिवा लागला, पंखा फिरायला लागला, आतल्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मॅडमचं वाक्य अर्ध्यात तुटलं. मान आतल्या खोलीकडे वळली आणि तशीच राहिली. हात मांडीवर आले होते. बशीतला चहा थंड होईपर्यंत मीही हललो नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हां. काय सांगालतो मी?"

मला आठवत होतं. पण मी म्हणालो, "राहू द्या, मॅडम. चहा घ्या."